पूर्ण नाव सांग!

(सूचना: या लेखात 'स्टार वॉर्स'च्या मुख्य चित्रपटांतली जवळपास सगळी रहस्यं फुटणार आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून यावं. इतक्या वर्षांत वेळच मिळाला नसेल, तर माझा नाइलाज आहे.)

२००५ सालची गोष्ट. मी सातवीत होतो आणि भिवंडीत लोडशेडिंग जोरात होतं. आमची चाळ मागांच्या कारखान्यांना अगदी चिकटून. दिवसरात्र खटक-खटक, खटक-खटक. बाहेरगावच्या पाहुण्यांना आमच्याकडे पहिली रात्र झोप यायची नाही. आमचं उलटं होतं. रात्री लाइट गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि त्या शांततेने आम्हाला जाग यायची.

पद्मानगरात माझा एक वर्गमित्र राहायचा. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी. त्याच्याकडे व्हीसीडी प्लेअर होता, त्यामुळे आमच्या वर्गात त्याचं स्थान साधारण वर्गशिक्षकांच्या वर होतं. दहा रुपये रोजाने त्याने एक सीडी आणली: 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'. आम्ही दोघंही मराठी माध्यमाचे. इंग्लिश निम्मं कळायचं नाही, पण तलवारीतून प्रकाश निघत असेल तर भाषेचं फारसं अडत नाही.

तर झालं असं की पहिली डिस्क संपली, दुसरी लावली आणि शेवटची मारामारी सुरू झाली. काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर आपल्या हिरोचा, म्हणजे ल्यूकचा, हात मनगटापासून उडवतो. ल्यूक एका खांबाला लटकलाय, खाली अथांग पोकळी. व्हेडर म्हणतो, तुझ्या बापाचं काय झालं हे ओबी-वॉनने तुला कधी सांगितलंच नाही. ल्यूक म्हणतो, सांगितलंय की, तूच मारलंस त्यांना. व्हेडर म्हणतो, नाही...

आणि लाइट गेली.

संध्याकाळी सीडी परत करायची होती. लाइट आली रात्री आठला. दुकान बंद व्हायच्या आत मित्र धावत जाऊन सीडी देऊन आला, नाहीतर आणखी दहा रुपये पडले असते. म्हणजे व्हेडर पुढे काय म्हणाला हे आम्हाला माहीत नव्हतं. मग आम्ही ते शोधून काढायला बसलो. माग बंद असले की भिवंडीत एकमेकांचं बोलणं नीट ऐकू यायचं, त्यामुळे आमच्या सगळ्या गंभीर चर्चा लोडशेडिंगमध्येच व्हायच्या.

मित्राची थिअरी: बाप मेलेला नाही, व्हेडरने त्याला कैदेत ठेवलाय आणि पुढच्या भागात साखळ्या तोडून बाहेर येणार. (तेलुगू पिक्चरचे संस्कार.) माझी थिअरी: बापाला मारलं ओबी-वॉननेच आणि म्हातारा पोराशी खोटं बोलला. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. तीन आठवड्यांनी पैसे जमवून पुन्हा सीडी आणली तेव्हा कळलं, दोघंही साफ चुकलो होतो. व्हेडर म्हणतो की तुझा बाप मीच आहे.

खूप वर्षांनी या प्रसंगाच्या चित्रीकरणाबद्दल वाचलं आणि मी खुर्चीत ताठ झालो. हे रहस्य फुटू नये म्हणून सेटवर खोटा संवाद दिला होता. व्हेडरच्या पोशाखातला नट, डेव्हिड प्राउज, ते खोटं वाक्य बोलला आणि ते असं होतं की तुझ्या बापाला ओबी-वॉनने मारलं. ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला खरं काय ते चित्रीकरणाच्या अगदी तोंडावर सांगण्यात आलं. खरा संवाद नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात भरला गेला. म्हणजे भिवंडीतल्या सातवीच्या पोराने जी थिअरी मांडली, ती हुबेहूब त्यांच्या खोट्या संवादासारखी निघाली! चुकलो खरा, पण काय क्वालिटीचा चुकलो.

आम्ही तीन आठवडे थांबलो होतो. जग तीन वर्षं थांबलं होतं. हा चित्रपट आला १९८० साली आणि पुढचा 'रिटर्न ऑफ द जेडाय' १९८३ साली. मधल्या काळात जगभरचे प्रेक्षक भांडत होते की व्हेडर खरं बोलतोय की थापा मारतोय. खुद्द जेम्स अर्ल जोन्सनी नंतर सांगितलंय की ते वाक्य पहिल्यांदा वाचल्यावर त्यांना वाटलं, हा खोटं बोलतोय. ज्याच्या तोंडचं वाक्य त्याचाच विश्वास नाही, तर बाकीच्यांचं काय घ्या.

आता मूळ मुद्दा.

आपला समज असा असतो की फॅन थिअरी म्हणजे लेखकाच्या मनात काय दडलंय ते आधी ओळखायची स्पर्धा. बरोबर ओळखलं तर जिंकलात. पण लेखकाच्या मनात काही दडलेलंच नसेल तर? 'एम्पायर'च्या पटकथेचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ साली लिहिला. त्यात ल्यूकचा बाप भूत बनून येतो, ल्यूकला भेटतो आणि तो व्हेडरहून वेगळा माणूस आहे. म्हणजे १९७७ चा पहिला चित्रपट पडद्यावर येऊन गेला तरी व्हेडर हा बाप नव्हताच. नंतर ठरलं. आणि एकदा ठरल्यावर जुन्या चित्रपटात ओबी-वॉन जे धडधडीत सांगून बसला होता, की व्हेडरनेच तुझ्या बापाला मारलं, त्याचं काय करायचं? तर १९८३ साली त्याच्या तोंडी घातलं की एका दृष्टीने पाहिलं तर ते खरंच होतं, चांगला माणूस मेला आणि व्हेडर उरला.

माझ्या धंद्यात याला पॅच म्हणतात. जुना कोड चालू आहे, लाखो लोक वापरतायत, बदलता येत नाही. मग वरून ठिगळ लावायचं आणि डॉक्युमेंटमध्ये लिहायचं की हे असंच अपेक्षित होतं. पॅच लावला की दुसरीकडे काहीतरी मोडतं हा निसर्गनियम. १९८३ साली लिया ही ल्यूकची जुळी बहीण निघाली आणि १९८० च्या चित्रपटात दोघांचं व्यवस्थित चुंबन झालेलं आहे. ते कोणी टेस्ट केलं नव्हतं. :)

तेव्हा लेखकाच्या मनातलं ओळखलं की नाही, हे चांगल्या थिअरीचं माप होऊ शकत नाही. मग माप काय? हे मला चित्रपटांनी शिकवलं नाही. हे शिकवलं इरावती कर्वे यांनी.

'युगान्त' हे त्यांचं पुस्तक १९६७ चं. १९६८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाभारत हातात घेतलं आणि एक प्रश्न टाकला, तो थेट आपल्या जातकुळीचा आहे: युधिष्ठिराचा बाप कोण? पोथी म्हणते यमधर्म. बाई म्हणतात, विदुर असेल का? आणि मग पुरावे येतात. मांडव्य ऋषीच्या शापाने यमधर्मच विदुर म्हणून जन्माला आला, असं महाभारतच सांगतं. नवरा असमर्थ असेल तर दिराकडून नियोगाने मूल होऊ देण्याची तेव्हा चाल होती आणि विदुर पंडूचा धाकटा सावत्र भाऊ. पांडव वनवासात गेले तेव्हा कुंती विदुराच्या घरी राहिली. आणि शेवटी विदुराचा मृत्यू. अरण्यात हाडांचा सापळा झालेला विदुर पळतोय, युधिष्ठिर त्याला हाका मारत मागे धावतोय, मग विदुर एका झाडाला टेकून उभा राहतो, युधिष्ठिराकडे टक लावून पाहतो आणि योगबळाने आपले प्राण आणि इंद्रियं त्याच्या शरीरात उतरवतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. लक्षात घ्या, यात बाईंनी नवीन काहीच घातलेलं नाही. सगळं पोथीतलंच आहे, फक्त विखुरलेलं होतं, ते एकत्र ठेवलं. विरुद्ध बाजूही तपासायची असते. नियोग जर मान्य होता तर लपवायचं कशाला? तर विदुर दासीपुत्र. त्याचा मुलगा म्हटलं की राज्यावरचा हक्क तिथल्या तिथे लंगडा झाला. म्हणजे लपवण्याला कारणही सापडतं. आणि एवढं करून बाई निकाल देत नाहीत. इंग्रजी आवृत्तीत त्या प्रकरणाच्या शीर्षकालाच प्रश्नचिन्ह आहे.

माझ्या मते चांगल्या थिअरीची मापं तीन आणि ती तिन्ही इथे लागू पडतात. पुरावा गोष्टीतलाच हवा, बाहेरून आणलेला नको. विरुद्ध जाणारा पुरावा लपवायचा नाही. आणि थिअरी उद्या खोटी ठरली तरी जुना प्रसंग आधीपेक्षा जास्त दिसला पाहिजे. विदुर बाप असो वा नसो, 'युगान्त' वाचल्यानंतर त्या झाडाखालचा प्रसंग मला पहिल्यासारखा वाचता येत नाही. हे झालं थिअरीचं काम.

पण एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. ल्यूकचा बाप कोण, युधिष्ठिराचा बाप कोण. १९९९ च्या 'द फँटम मेनेस'मध्ये अनाकिनची आई सांगते की याला बापच नाही. झालं, २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये पाल्पटीन एक जुनी गोष्ट सांगतो, की डार्थ प्लेगस नावाच्या सिथला जीव निर्माण करता येत होता, आणि फॅन मंडळींनी लगेच अनाकिनचा बाप शोधून काढला. अवकाशात इतके ग्रह, इतके प्राणी, प्रकाशाच्या वेगाने जाणारी यानं, आणि आपल्याला पडलेला सर्वांत मोठा प्रश्न कोणता? तर हा कुणाचा पोरगा.

हा प्रश्न आपल्याला फार ओळखीचा आहे. गावच्या पारावरचं कोणतंही म्हातारं माणूस अनोळखी पोराला पहिलं हेच विचारतं, "कुणाचा रे तू?" यात माया असते, नाही असं नाही. पण शहरात हाच प्रश्न जरा इस्त्री करून येतो. तुम्ही नुसतं पहिलं नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, "पूर्ण नाव?"

२०१४ साली पहिल्या नोकरीसाठी पुण्यात खोली शोधत होतो. एका घरमालक काकांनी चहा दिला, पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. आडनावावरून त्यांना नीट अंदाज आला नसावा, कारण पुढचा प्रश्न आला, "म्हणजे मूळचे कुठले आपण?" भिवंडी. "भिवंडी? बरं. आणि वडील?" मी म्हटलं, जॉबर आहेत. "म्हणजे नोकरी लावून देतात?" नाही हो काका, जॉबर म्हणजे पॉवरलूमवर माग बिघडला की दुरुस्त करणारा. काका म्हणाले, "अच्छा, अच्छा. कळवतो." दोन महिन्यांचं डिपॉझिट माझ्या खिशात होतं. कंपनीचं पत्र होतं. त्यातलं काहीच त्यांनी पाहायला मागितलं नाही. अजून कळवतायत.

असो. दीड वर्षाने, डिसेंबर २०१५ मध्ये, 'द फोर्स अवेकन्स' आला. त्यात रे नावाची मुलगी आहे. जाकू नावाच्या वाळवंटी ग्रहावर भंगार वेचून जगते, भिंतीवर रेघा मारून दिवस मोजते, कधीतरी आईबाप परत येतील म्हणून थांबलीय. आणि हिला फोर्स येतो, प्रकाशाची तलवार चालवता येते. आडनाव नाही. मग काय, आम्ही सगळे कामाला लागलो. ल्यूकची मुलगी, पाल्पटीनची कोणीतरी, ओबी-वॉनची नात.

मी ओबी-वॉन पार्टीत होतो. माझ्याकडे पुरावा होता आणि तो तगडा होता. चित्रपटात रेला एक भास होतो, त्यात तिला ओबी-वॉन हाक मारतो. त्यातलं 'रे' हे नाव अॅलेक गिनेसच्या आवाजात आहे. गिनेस २००० सालीच वारले, मग त्यांनी 'रे' कधी म्हटलं? तर जुन्या रेकॉर्डिंगमधल्या 'अफ्रेड' या शब्दातून मधला तुकडा कापून काढला होता! माझं म्हणणं, एवढी मेहनत कोणी उगीच करतं का? पद्मानगरवाल्या मित्राशी मी दोन वर्षं यावर वाद घातला. (तो आता हैदराबादला असतो, टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे वाद घालण्याचे त्याला पगार मिळतात.) माझं मुख्य वाक्य असायचं, "अरे, असं कसं? काहीच नसताना एखादीला एवढं कुठून येईल? कुठून तरी आलंच असणार ना."

२०१७ साली 'द लास्ट जेडाय'मध्ये उत्तर मिळालं. कायलो रेन तिला सांगतो, तुझे आईबाप कोणीही नव्हते. भंगारवाले. दारूच्या पैशासाठी तुला विकलं आणि जाकूवरच कुठेतरी बेवारशी पुरले गेले. या गोष्टीत तुझी काही जागाच नाही.

मी थिएटरातून चिडून बाहेर आलो. दोन वर्षांच्या पुराव्यांचा कचरा केला यांनी! परतीच्या बसमध्ये मी मित्राला फोनवर हेच ऐकवत होतो, की पण काहीतरी खानदान हवं ना, उगीच कसं... आणि माणकोलीच्या आसपास गोदामांचे दिवे दिसायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात एकदम ते काका आले. तो चहा. "म्हणजे मूळचे कुठले आपण?"

मी दोन वर्षं त्या मुलीला घरमालकाचे प्रश्न विचारत होतो.

तिला यान चालवता येतं, मशीन दुरुस्त करता येतं, चार भाषा समजतात, एकटीने वाळवंटात तग धरलाय. हे सगळं पडद्यावर समोर दिसतंय आणि मी म्हणतोय, ते ठीक आहे, पण पूर्ण नाव सांग. माझे बाबा पंधरा वर्षांचे असताना भिवंडीत आले. आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात ते काम गेलं ते गेलंच. बाबांनी कांड्या भरण्यापासून सुरुवात केली, मग माग चालवला, मग जॉबर झाले. त्यांना कोणी शिकवलं नाही. चालू मागाच्या आवाजावरून ते सांगतात की धोटा कुठे अडतोय. हे कुठून आलं? कुठून आलं म्हणजे काय, रोज बारा तास उभं राहून आलं. ज्या घरात मी वाढलो त्या घरात या प्रश्नाचं उत्तर रोज जेवायला समोर बसायचं, आणि मी ओबी-वॉनचा वंशवृक्ष काढत होतो.

म्हणून मी आज ठामपणे म्हणतो की त्या अख्ख्या मालिकेत बापाच्या कोड्याचं सर्वांत चांगलं उत्तर 'कोणी नाही' हे होतं. व्हेडरचं वाक्य ऐकून ल्यूकच्या पायाखालची जमीन सरकते, कारण त्याला नको असलेला बाप मिळतो. रेला नेमकं उलट ऐकावं लागतं, की आधार द्यायला कोणी नाही, शाप द्यायलाही कोणी नाही. तिच्यासाठी याहून कठीण उत्तर शोधून सापडणार नाही.

२०१९ साली ते परत घेतलं. 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये रे ही सम्राट पाल्पटीनची नात निघाली. रेची भूमिका करणाऱ्या डेझी रिडलीने नंतर सांगितलं की ओबी-वॉनशी नातं जोडायचा विचारही मधे होता, मग 'कोणी नाही' ठरलं आणि शेवटच्या भागाचं चित्रीकरण चालू असतानाही उत्तर बदलत होतं. म्हणजे माझी थिअरी काही काळ खरी असायची शक्यता होती. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

आता मित्राची बाजू, कारण विरुद्ध पुरावा लपवायचा नाही असं मीच वर म्हटलंय. तो म्हणाला, "तुला उगीच राग आलाय. महाभारतात कर्णालाही कळतंच ना, आपण कुंतीचे ते? कळूनसुद्धा तो राधेय राहतो. रेला कळतं की आजोबा सैतान आहे, तरी ती त्याच्याविरुद्ध उभी राहते. रक्त महत्त्वाचं नाही हे सांगायला आधी रक्त दाखवावं लागतं."

मुद्दा चांगला आहे. मी दोन दिवस गप्प होतो. कर्ण म्हटलं की मराठी माणूस तसाही हळवा होतो. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'ही १९६७ चंच, म्हणजे 'युगान्त'च्याच वर्षीचं. एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तकं आली आणि दोन्हींच्या मुळाशी कुंतीच्या एकेका मुलाचा बाप! रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो तेव्हा कृपाचार्य त्याच्या धनुष्याबद्दल काहीच विचारत नाहीत. ते म्हणतात, आईबापाचं आणि कुळाचं नाव सांग. पूर्ण नाव सांग! तिथपासून हा प्रश्न चालत आलाय.

पण फरक बघा. कृष्णाने आणि कुंतीने खरं सांगितल्यावर कर्ण परत जातो कुठे? अधिरथ सारथ्याच्या घरी. राधेचा मुलगा म्हणून. मोठं घराणं आयतं मिळत असताना तो लहान घराचं नाव ठेवतो. रे काय करते? चित्रपटाच्या शेवटी ती टॅटूइन ग्रहावर ल्यूकच्या जुन्या घरी येते. वाटेवरची एक म्हातारी तिला विचारते, कोण तू? ती म्हणते, रे. म्हातारी म्हणते, रे कोण? (घ्या! आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकालाही पारावरची म्हातारी आहेच.) आणि रे क्षणभर थांबून सांगते, रे स्कायवॉकर. एका मोठ्या घराण्याचं नाव टाकलं आणि दुसऱ्या मोठ्या घराण्याचं घेतलं. ज्या भंगारवालीने स्वतःला स्वतः वाढवलं, तिचं नाव त्यात कुठेच नाही.

यावरून मला छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम आठवतो. गुरूने गोत्र विचारलं. त्याने आईने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं: तरुणपणी मी खूप ठिकाणी राबले, तेव्हा तू झालास, तुझं गोत्र मला माहीत नाही, माझं नाव जबाला, तर तू सत्यकाम जाबाल. काय विलक्षण उत्तर आहे! आईचं नाव हेच पूर्ण नाव. पण गुरू पुढे म्हणतात की ब्राह्मणाखेरीज असं खरं कोणी बोलणार नाही, ये, तुला शिष्य करतो. झालं ना २०१९? पोराने खरं बोलून दार उघडलं आणि गुरूंनी त्या खरेपणालाही एक वंश जोडून टाकला. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा पॅच आणि अजून प्रॉडक्शनमध्ये आहे.

तेव्हा थिअरी बंद करा असं माझं म्हणणं मुळीच नाही. लोडशेडिंगच्या अंधारात ते मी शिकलो आणि पुढे बग शोधायची सवय मला तिथूनच लागली. आज मी जे कमावतो ते अर्धवट माहितीवरून आत काय झालं असेल याचा अंदाज बांधून. पण आपण कोणता प्रश्न विचारतो याकडे जरा लक्ष द्यावं. इरावतीबाईंनीही बापच शोधला, पण त्यांच्या शोधात एक दासीपुत्र राजाचा बाप होतो, दडपलेला माणूस वर येतो. आपण रेचा बाप शोधला तो उलट, तिच्या हातातलं कसब तिचं स्वतःचं नाही हे सिद्ध करायला. प्रश्न तोच, पण एकात माणूस मोठा होतो आणि एकात लहान.

शेवटी एकच सांगतो. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे भिवंडीतले माग बंद होते. सातवीनंतर इतकी लांब शांतता मी ऐकली नव्हती. बाबा आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर घरी. मी त्यांना 'द लास्ट जेडाय' लावून दिला. मधेमधे सांगत होतो, हा कोण, ती कोण. शेवटी एक तबेल्यात राबणारा लहान पोरगा दिसतो. झाडू घ्यायला हात पुढे करतो आणि झाडू आपोआप त्याच्या हातात येतो. मग तो आकाशाकडे बघत उभा राहतो. चित्रपट तिथे संपतो.

बाबा म्हणाले, "हा कुणाचा?"

म्हटलं, "कुणाचा नाही. कामाला आहे तिथे."

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पुढच्या पिक्चरमध्ये हाच असणार."

पुढचा पिक्चर मी चार महिन्यांपूर्वीच पाहिला होता. त्यात तो पोरगा नाही. मी बाबांना काही सांगितलं नाही. थिअरी म्हणून ती मला आजही सर्वांत चांगली वाटते.

असो. उद्या सोमवार आहे आणि सकाळी साडेनऊला मीटिंग.